भूलतज्ज्ञ फिलिप एअर

बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की आपल्याकडे अजून आधी ग्रहण आठवतं. सूनबाईंनी विळी हातात घेतली होती का, याची चौकशी सुरू! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जन्मलेला फिलिप एअर असाच दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन आला. त्याच्या आईलाही काय काय ऐकावं लागलं असेल, कोण जाणे.

हा मुलगा पुढे डॉक्टर झाला, भूलतज्ज्ञ झाला. न्यूकॅसलला त्याच्यापुढे टेबलावर येत ती ओठ-टाळूचीच बाळं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तेव्हा भूल देण्याची यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची. त्यातल्या झडपांतून श्वास ओढताना तान्ह्याचा जीव मेटाकुटीला यायचा, सोडलेलीच हवा परत आत जायची. त्यात ऑपरेशन तोंडावरच, म्हणजे मास्क लावायचीही सोय नाही. एअरने १९३७ साली इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची छोटीशी नळी वापरून हा प्रश्न सोडवला. एका तोंडातून भुलीचा ताजा वायू येणार, दुसरं बाळाच्या श्वासनळीतल्या नळीला जोडलेलं, तिसरं सरळ बाहेर उघडं. झडप नाही की काही नाही! १९५० मध्ये लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी तिला पिशवी जोडली. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरांत ही ‘जेआर सर्किट’ आजही दिसते.

एअरला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्याच्या काळात बाळ सुखरूप जागं झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकत. तान्ह्यांना दुखणं फारसं कळत नाही, असंच तेव्हा मोठमोठे डॉक्टरही धरून चालत. मूळचे भारतीय डॉ. कंवलजीत आनंद यांनी इंग्लंडमध्ये केलेलं संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे हा समज हलला.

आता ऑपरेशनच्या वेळीच गालाजवळ बधिरतेचं इंजेक्शन देता येतं, त्याने वरचा ओठ काही तास शांत राहतो. पुढे वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ठरल्या वेळी. इथेच आपलं चुकतं. मी शस्त्रक्रियेच्या शिबिरांना मुलांच्या आयांबरोबर जाते, तर बाळ रडत नाही म्हणून औषध थांबवणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. मग दुखणारं बाळ दूध ओढत नाही, रडून रडून टाक्यांवर ताण येतो. म्हणून मैत्रिणींनो, घरी निघण्याआधी औषधाची मात्रा आणि वेळा कागदावर लिहून घ्या, आणि अंगावर कधी पाजायचं तेही डॉक्टरांना तेव्हाच विचारा.