आडॉल्फ कुसमाउल
आडॉल्फ कुसमाउल (२२ फेब्रुवारी, इ.स. १८२२ : ग्राबेन, बाडेन, जर्मनी - २८ मे, इ.स. १९०२ : हायडेलबर्ग, जर्मनी) हे जर्मन वैद्य आणि वैद्यकाचे प्राध्यापक होते. मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत रुग्णाचा श्वास ज्या विशिष्ट पद्धतीने खोल व जोरकस होतो, तिचे नेमके वर्णन त्यांनी इ.स. १८७४ मध्ये केले. हे श्वसन आजही कुसमाउल श्वसन या नावाने ओळखले जाते.

जीवन
कुसमाउल यांचे वडील व आजोबा वैद्यकीय व्यवसायात होते. हायडेलबर्ग येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ लष्करी शल्यचिकित्सक म्हणून काम केले आणि नंतर कांडर्न या लहान गावी व्यवसाय सुरू केला. इ.स. १८५३ च्या सुमारास जडलेल्या गंभीर आजारामुळे ग्रामीण वैद्याची दगदग त्यांना अशक्य झाली. तेव्हा ते वुर्झबुर्ग येथे रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले व इ.स. १८५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढील अध्यापकीय कारकीर्द या आजारपणामुळेच घडली असे म्हणता येते. हायडेलबर्ग, एर्लांगेन, फ्रायबुर्ग (इ.स. १८६३ पासून) आणि स्ट्रासबुर्ग (इ.स. १८७६ ते १८८८) येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले.

श्वसनाचे वर्णन
फ्रायबुर्ग येथे असताना कुसमाउल यांनी मधुमेहाने बेशुद्धावस्थेकडे जाऊन मृत्यू पावलेल्या तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. श्वास लागलेला रुग्ण तोपर्यंत अपरिचित नव्हता. परंतु धाप लागली म्हणजे हवेच्या मार्गात कोठेतरी अडथळा आहे किंवा फुप्फुस वा हृदय रोगग्रस्त आहे, असे सामान्यतः समजले जाई. या रुग्णांत तसे काहीच आढळेना. हवा विनाअडथळा आत-बाहेर होत होती, छाती सर्व दिशांनी पूर्ण फुलत होती, तरीही रुग्ण हवेसाठी आसुसलेला दिसे. हात उचलण्याचेही त्राण न उरलेल्या माणसाचे श्वसन मात्र इतके बलवान असावे, ही विसंगती कुसमाउल यांनी अचूक टिपली. या श्वसनात खंड नसतो व लयही बिघडत नाही. जॉन चेन (इ.स. १८१८) व विल्यम स्टोक्स (इ.स. १८५४) यांनी वर्णिलेल्या श्वसनात श्वास क्रमाने वाढतो, उतरतो आणि काही क्षण थांबतो, त्याहून हे अगदी निराळे आहे.

श्वसनगती व श्वासाची खोली
विश्रांतीच्या स्थितीत निरोगी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा श्वास घेते. त्याहून अधिक गतीला शीघ्रश्वसन व कमी गतीला मंदश्वसन म्हणतात. मात्र केवळ आकडा पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, आणि कुसमाउल श्वसन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर श्वासमार्गातच राहते व वायूंच्या देवघेवीस उपयोगी पडत नाही. म्हणून उथळ धापेत श्रम पुष्कळ होऊनही लाभ थोडा होतो. याउलट श्वास दुप्पट खोल झाल्यास गती फारशी न वाढताही फुप्फुसांतील वायुवीजन दुपटीहून अधिक होते. अशा रुग्णाची गती २० च्या थोडीच वर असू शकते. केवळ श्वास मोजणाऱ्याला तो फारसा आजारी वाटणारही नाही.

कारण
मधुमेहात इन्सुलिनचा तीव्र अभाव झाला की शरीर मेदाचे ज्वलन करू लागते व त्यातून कीटोन आम्ले रक्तात साचतात. वाढलेल्या आम्लतेमुळे लंबमज्जेतील श्वसनकेंद्र उद्दीपित होते आणि खोल श्वसनाद्वारे कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकून आम्लता उतरवण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे हे श्वसन मूळ बिघाड नसून शरीराने केलेली भरपाई आहे. मूत्रपिंडे निकामी होणे, मिथेनॉलची विषबाधा इत्यादी अवस्थांतही ते आढळते. कुसमाउल यांना ही कारणमीमांसा ज्ञात नव्हती. त्यांचा संशय ॲसिटोनवर होता. ॲसिटोन हेही कीटोनच असल्याने तो अगदीच निराधार नव्हता, परंतु आम्लतेची कल्पना पुढे आली ती इ.स. १८८० नंतरच्या संशोधनातून. तिच्या मांडणीत अग्रभागी असलेले बेर्नहार्ट नाउनिन हेच स्ट्रासबुर्ग येथे कुसमाउल यांचे उत्तराधिकारी झाले, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

इतर कार्य
इ.स. १८६६ मध्ये रुडॉल्फ मायर यांच्यासह त्यांनी धमन्यांना गाठी येणाऱ्या दाहाचे वर्णन केले. नळीने जठर धुण्याचा उपचार त्यांनी रूढ केला. इ.स. १८६८ मध्ये तलवार गिळून दाखवणाऱ्या एका कलावंताच्या साहाय्याने जठरात डोकावण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. पुरेशा प्रकाशाअभावी तो फळाला आला नाही. श्वास आत घेताना मानेतील शिरा अधिक फुगण्याचे लक्षण (इ.स. १८७३) त्यांच्या नावाने ओळखले जाते. इ.स. १८७७ च्या वाचादोषांवरील ग्रंथात त्यांनी शब्दांधत्वाची चर्चा केली आहे.

अखेरची वर्षे
निवृत्तीनंतर ते हायडेलबर्ग येथे राहिले. तारुण्यातील आठवणींचे त्यांचे पुस्तक इ.स. १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वर्णिलेल्या अवस्थेवर त्यांच्या हयातीत उपाय उपलब्ध झाला नाही. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन प्रथम दिले गेले ते इ.स. १९२२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे.