स्टीफन किंगच्या आधीपासून मराठी वाचकांची झोप उडवणारे नारायण धारप

२०१८ मध्ये ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला आणि मराठी भयकथेच्या जुन्या वाचकांमध्ये एक नाव पुन्हा चर्चेत आलं. चित्रपटाचं शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आलेलं होतं. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या डोक्यात या चित्रपटाचं बीज पडलं ते मित्राकडून ऐकलेल्या एका भयकथेमुळे. ती कथा होती नारायण धारप यांची.

त्याच वर्षी झी मराठीवर पल्लवी जोशी यांची ‘ग्रहण’ ही मालिका आली. तीही धारपांच्याच कादंबरीवर आधारलेली. तोपर्यंत धारपांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

शंभराहून अधिक पुस्तकं लिहिणारा हा लेखक नेमका कोण होता? आणि त्याच्याबद्दल आजही वाद का होतो?

विज्ञान शिकलेला भुताखेतांचा लेखक

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं. भयकथा लिहिणारा माणूस मांत्रिक-तांत्रिकांच्या गोतावळ्यात वाढलेला असावा, असं कुणाला वाटत असेल तर धारप त्याला अपवाद होते.

या शिक्षणाचा परिणाम त्यांच्या लेखनावर दिसतो. ‘गोग्रॅमचा चितार’, ‘नेनचिम’ अशा विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या. भयकथेतसुद्धा त्यांची पात्रं आधी शंका घेतात, पुरावा शोधतात, साधी-सरळ कारणं तपासून पाहतात. सगळी कारणं संपली की मगच अमानवी गोष्ट समोर येते. वाचक फसतो तो इथेच. कारण तोपर्यंत त्यालाही सगळं पटलेलं असतं.

मुंजा, हडळ आणि त्यापलीकडचं

मराठी माणसाला भुतं नवीन नव्हती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हडळ, वाट चुकवणारा चकवा, जमिनीचा वाद मनात ठेवून गेलेला समंध. या प्रत्येकाची जागा ठरलेली, सवयी ठरलेल्या आणि उतारेही ठरलेले. आजीच्या गोष्टीतलं भूत भीती दाखवायचं, पण ते ओळखीचं असायचं.

धारपांनी या ओळखीलाच धक्का दिला. त्यांच्या कथांमधली वाईट शक्ती अनेकदा बिननावाची असते. तिला नीट आकार नसतो, तिचा हेतू कळत नाही, ती माणसाच्या जगाबाहेरून आत घुसू पाहते. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या कथांमध्ये हीच कल्पना आहे. धारपांवरचा त्यांचा प्रभाव अभ्यासू वाचकांना सहज जाणवतो.

पण एक मोठा फरक आहे. लव्हक्राफ्टच्या जगात माणसाला वाचवणारं कुणी नसतं. सत्य कळलं की माणूस वेडा तरी होतो किंवा मरतो तरी. धारपांच्या जगात मात्र बऱ्याचदा मदतीला कुणीतरी येतं. समर्थ, कृष्णचंद्र, जयदेव, पंत ही त्यांची पात्रं याच कामासाठी आहेत. लोकांच्या भल्यासाठी मिळालेली शक्ती वापरून ती वाईटाशी लढतात. ‘समर्थ’ हे नाव महाराष्ट्रात उच्चारलं की आधाराची भावना आपोआप येते. त्यासाठी वेगळं काही सांगावं लागत नाही.

मग वाद कशाचा?

धारपांच्या काही गाजलेल्या पुस्तकांची मुळं परदेशी आहेत. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) वर बेतलेली आहे, तर ‘शपथ’ ही ‘इट’ (१९८६) वर. ‘तुंबाड’शी जोडली जाणारी ‘आजी’ ही कथाही किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून आलेली आहे.

त्यामुळे धारप म्हणजे नुसती उसनवारी, असं म्हणणारे वाचक आहेत. इंटरनेट आल्यावर मूळ पुस्तकं हाताशी आली, तुलना सोपी झाली आणि ही टीका वाढली. ती अगदीच चुकीची नाही. कथानक दुसऱ्याचं असेल तर त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं, आणि धारपांचं कौतुक करतानाही हे सांगायला हवं.

पण वयाचा हिशेब केला तर चित्र थोडं बदलतं. स्टीफन किंग यांचा जन्म १९४७ चा. म्हणजे धारप त्यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे. किंग यांची पहिली कादंबरी ‘कॅरी’ १९७४ मध्ये आली, तेव्हा धारप मराठीत भयकथा लिहितच होते. किंग यांना वाचून ते भयकथेकडे वळले, असं झालेलं नाही. आधीच मांडलेल्या दुकानात त्यांनी बाहेरचा मालही आणला, इतकंच.

शिवाय हा माल जसाच्या तसा विकता येणारा नव्हता. ‘सालेम्स लॉट’मधले व्हॅम्पायर क्रॉसला आणि मंतरलेल्या पाण्याला घाबरतात. त्यामागे चर्चची शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. मराठी घरात देव्हारा असतो, अंगारा असतो, संध्याकाळी दिवा लागतो. वाचकाला खरंच भीती वाटायची असेल, तर त्याचा विश्वास जिथे आहे तिथेच लेखकाला घाव घालावा लागतो. हे काम भाषांतरानं होत नाही.

‘शपथ’ हे शीर्षकही याच दृष्टीनं बघण्यासारखं आहे. किंग यांच्या कादंबरीचं नाव त्या भयानक शक्तीवरून आहे. धारपांनी नाव दिलं ते मित्रांनी लहानपणी एकमेकांना दिलेल्या वचनावरून. एकाचं लक्ष राक्षसाकडे, तर दुसऱ्याचं दिलेल्या शब्दाकडे.

समीक्षकांनी टाळलं, वाचनालयांनी सांभाळलं

मराठी समीक्षेनं रहस्यकथा आणि भयकथा यांना बराच काळ बाहेरच्या ओसरीवरच बसवलं. धारपही त्याच ओसरीवर राहिले. त्यांना जपलं ते गावोगावच्या वाचनालयांनी. नगर असो, सातारा असो की नागपूर, महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं घरी नेणारा वाचक हाच अशा लेखकांचा खरा आधार होता.

१८ ऑगस्ट २००८ रोजी धारपांचं निधन झालं. त्र्याऐंशीवा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. त्यानंतरही त्यांची पुस्तकं थांबली नाहीत. साकेत प्रकाशनानं त्यातली बरीच पुन्हा छापली आणि ती नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

धारप वाचायचे तर सुरुवात कुठून?

छोट्या कथा आवडत असतील तर ‘अनोळखी दिशा’चे खंड घ्यावेत. कादंबरी हवी असेल तर ‘लुचाई’. आणि वादाचा निकाल स्वतःच लावायचा असेल, तर ‘लुचाई’ संपवून लगेच ‘सालेम्स लॉट’ वाचावी. कथानक किती घेतलं ते दुसऱ्या पुस्तकात समजेल. रात्री दिवा बंद करायला हात का धजावत नव्हता, याचं उत्तर मात्र पहिल्याच पुस्तकात मिळालेलं असेल.