मरुत्सखा आणि शिवकर बापूजी तळपदे

जुन्या लढाऊ विमानाच्या कॉकपिटची पूर्णाकृती प्रतिकृती उभारणे हा जगभरच्या विमानवेड्यांचा आवडता उद्योग आहे. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरचे कॉकपिट बनवायचे, तर उंची दाखवणारी तबकडी कुठे, वेग दाखवणारी कुठे, वैमानिकाच्या हातातील दांड्याच्या गोल कड्यावर बंदुकांची कळ कोणत्या बाजूला, हे सारे नेमके ठाऊक असावे लागते. त्यासाठी जुने आराखडे शोधले जातात, छायाचित्रे तपासली जातात. मूळ विमानाचा एखादा सुटा भाग हाती लागला, तर सोन्याहून पिवळे. या उद्योगाचा एक अलिखित नियम आहे. जिथे पुरावा संपतो, तिथे आपला अंदाज सुरू झाला हे प्रामाणिकपणे सांगायचे.

ज्या पार्ल्याच्या डोक्यावरून दिवसरात्र विमाने जातात, तिथे भरलेल्या विमानविषयक प्रदर्शनात एकदा 'मरुत्सखा'ची प्रतिकृती मांडली गेली होती, अशी नोंद वृत्तपत्रांत आढळते. मरुत्सखा म्हणजे वाऱ्याचा मित्र. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, गिरगाव चौपाटीवर हे विमान उडाले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते बनवणारे शिवकर बापूजी तळपदे हे अस्सल मुंबईकर. पण ही प्रतिकृती कशावरून बनवायची, हा प्रश्न विचारला की त्यांचे सारे आयुष्यच नव्याने पाहावे लागते.

तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईच्या चिराबाजारातला. पाठारे प्रभू समाजातील हे कुटुंब. गिरण्यांची धुरांडी, आगगाडी, तारायंत्र अशा नव्या यंत्रांनी त्या काळी मुंबईचे रूप झपाट्याने पालटत होते. तरुण शिवकर सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा केवळ चित्रकारांची नव्हती. हाताने वस्तू घडवण्याचे शिक्षणही तिथे मिळे. तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळे त्यांची ओळख स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांशी झाली आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

आर्य समाजाची स्थापना मुंबईतच १८७५ मध्ये झाली होती. वेदांचा अर्थ नव्याने लावणाऱ्या दयानंदांनी आपल्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात नौका आणि विमाने यांच्या विद्येलाही एक प्रकरण दिले आहे. परकीय सत्तेखाली वाढलेल्या आणि ज्ञान म्हणजे पश्चिमेकडून आलेले तेच, असे रोज ऐकणाऱ्या तरुणाला त्या पानांचे काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. तळपदे आर्य समाजात सामील झाले, संस्कृतच्या अभ्यासाला लागले. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताच्या अर्थावर त्यांनी पुस्तक लिहिले, तर १९०७ मध्ये 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे पुस्तक प्रसिद्ध केले. आकाशात उडण्याचे स्वप्न त्यांनी केवळ ग्रंथांत ठेवले नाही, तर ते हातांनी घडवू पाहिले, हे त्यांचे वेगळेपण.

आता चौपाटीची कथा. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या साक्षीने वैमानिकाविना हे यंत्र दीड हजार फूट उंच गेले आणि खाली कोसळले, पाऱ्याच्या बळावर ते उडाले, पुढे पैशांअभावी काम थांबले आणि तळपदे यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष परदेशी कंपनीला विकले गेले, असे सांगितले जाते. या कथेतील बहुतेक तपशील त्यांच्यानंतर अनेक वर्षांनी झालेल्या लेखनातून आलेले आहेत. उड्डाणाचे छायाचित्र नाही, यंत्राचा मोजमापांसह आराखडा नाही, इंजिनाचा एखादा तुकडाही नाही. शिवाय एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलोच्या वर भरते. उडणाऱ्या यंत्रात प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो. तिथे असा जड द्रव वाहून त्यातून पुरेशी शक्ती कशी मिळवली, याचे उत्तर ही कथा देत नाही.

त्या काळात उडण्याचा ध्यास घेतलेले तळपदे एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये हायराम मॅक्झिम यांनी वाफेवर चालणारे अजस्र विमान १८९४ मध्ये रुळांवरून पळवले. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल टेकडीवरून पंख लावून झेपावत होते. १८९६ मध्ये अशाच एका झेपेत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान पोटोमॅक नदीवर सुमारे हजार मीटर उडाले. त्या उड्डाणाचे छायाचित्र आहे आणि यंत्रही जपलेले आहे. यातल्या बहुतेकांना अपयशच आले. तरी त्यांच्या अपयशाचीही नोंद राहिली, म्हणून पुढच्यांना त्यातून शिकता आले.

तळपदे यांच्या प्रयोगांची थोडीफार खात्रीची खूण मिळते ती वेगळ्याच ठिकाणी. कर्नाटकातील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ प्राचीन असल्याचे मानले जाई. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच लेखात तळपदे यांचा उल्लेख येतो. प्रयोगांना मदत करण्यासाठी शास्त्री तळपदे यांच्या सांगण्यावरून मुंबईला जात. मात्र त्यांतून घडलेले एकही विमान उडू शकले नाही, असे उपलब्ध माहितीवरून संशोधकांना दिसले. पुढे तळपदे यांचे निधन झाले.

जानेवारी २०१५ मध्ये हे नाव पुन्हा गाजले. कलिना येथील मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्याच महिन्यात तळपदे यांच्या कथेवर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. चित्रपटाला स्वातंत्र्य असते. पण दोन्ही बाजूंच्या गदारोळात खरे तळपदे बाजूलाच राहिले. एका बाजूला ते जगातले पहिले विमानकर्ते ठरले, दुसऱ्या बाजूला थट्टेचा विषय. कलाशाळेत शिकलेला, संस्कृत ग्रंथ धुंडाळणारा आणि पदरमोड करून यंत्रे जुळवणारा माणूस कोणालाच नको होता.

प्रतिकृती बनवणारे मात्र असे करीत नाहीत. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १७ डिसेंबर २००३ रोजी, अमेरिकेत किटी हॉक येथे त्यांच्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती हजारो लोकांसमोर उडवण्याचा प्रयत्न झाला. मूळ विमान वस्तुसंग्रहालयात होते, छायाचित्रे होती, वर्षानुवर्षांचे संशोधन पाठीशी होते. नोव्हेंबरमधील सरावात ही प्रतिकृती उडालीही होती. पण त्या दिवशी पावसाने आणि मंद वाऱ्याने घात केला आणि ती जमिनीवरून उठलीच नाही. हे अपयश कोणी लपवले नाही. मूळ उड्डाणाचा पुरावा भक्कम होता, म्हणून प्रतिकृतीच्या फजितीने राइट बंधूंची उंची तसूभरही कमी झाली नाही.

आपल्याकडेही अशा काटेकोर कामाची परंपरा आहे. वाऱ्याचेच नाव घेतलेले 'मरुत' हे भारतात विकसित झालेले पहिले जेट लढाऊ विमान. ते घडवताना जर्मन अभियंते कुर्ट टँक आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी आधी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बनवले आणि १९५९ मध्ये ते उडवून पाहिले. त्यातून मिळालेल्या नोंदींच्या आधारे घडलेले खरे मरुत १७ जून १९६१ रोजी झेपावले. अशी १४७ विमाने बनली आणि १९७१ च्या युद्धातही मरुत लढले. अलीकडच्या काळात कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान जुळवले. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली.

तळपदे यांच्या मनातही गच्चीवर विमान जुळवणाऱ्याची हीच जिद्द होती. उणीव होती ती साधनांची, पैशाची आणि नोंदींची. उद्या उपनगरातील एखाद्या शाळेने मरुत्सख्याची प्रतिकृती बनवायचे ठरवले, तर जरूर बनवावी. बांबू वाकवताना आणि कापड ताणताना मुलांना त्या माणसाच्या कष्टांची कल्पना येईल. फक्त शेजारी एक फलक लावावा. यातले काय ठाऊक आहे आणि काय आपण कल्पिले आहे, हे त्यावर स्पष्ट लिहावे. न झालेल्या उड्डाणाचे श्रेय दिल्याने तळपदे मोठे होत नाहीत. त्यांनी केलेला प्रयत्न, जेवढा होता तेवढा, जपून ठेवणे हाच त्यांचा खरा सन्मान ठरेल.