पक्षभेदाचें मूळ आणि कै. आगरकर

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे आगाशीच्या बाजारांत सुकेळ्यांच्या भावापेक्षां कोण कोणत्या पक्षाचा याचीच चर्चा अधिक चालते. चालो बापडी, पक्षभेदास भिणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. परंतु महाराष्ट्रांत हा भेद प्रथम कशावरून पडला हें आमच्या व्यापारी बंधूंस ठाऊक असावें. सरकारशीं कसें वागावें यावरून तो पडला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याची पहिली ठिणगी दोन जिवलग स्नेह्यांमध्यें, घरांतल्याच प्रश्नावरून पडली.

कै. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडनजीक टेंभू येथें अत्यंत गरीब कुटुंबांत झाला. डेक्कन कॉलेजांत त्यांची व टिळकांची गांठ पडली, आणि सरकारी नोकरीचा मोह सोडून लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय उभयतांनीं केला. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला तेव्हां त्याचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणीं झालेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले.

अशा स्नेह्यांत वाद माजला तो कायद्याचा. बालविवाहासारख्या दुष्ट रूढि मोडण्यास कायद्याचें साह्य घ्यावें, असें आगरकरांचें मत; परक्या सरकारास आमच्या घरांत हात घालूं देऊं नये, लोक शिकतील तसे सुधारतील, असें टिळकांचें. टिळकांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. तथापि दहा वर्षांच्या मुलीस लोकमत तयार होईपर्यंत थांबावयास सांगणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला व पुढील वर्षीं ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले पाहत. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा वर्षें करणारा कायदा झाला, त्याच्या वादांत हीं दोन्ही पत्रें समोरासमोर उभीं होतीं. अमेरिकेंतही वॉशिंग्टनच्या एकाच मंत्रिमंडळांतील हॅमिल्टन व जेफर्सन असेच विभागले, आणि तेथेंही प्रत्येक बाजूस आपलें वर्तमानपत्र होतें!

मतभेद झाला याचें आम्हांस दुःख नाहीं. तो वैयक्तिक निंदेपर्यंत उतरला याचें आहे, आणि त्या दोषांतून कोणतेंच पत्र सुटलें नाहीं. पुण्याच्या सनातनी मंडळींनीं तर जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. दम्यानें जर्जर झालेला हा पुरुष १७ जून १८९५ रोजीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच वारला. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनीं पुडींत बांधून ठेवले होते. ‘केसरीं’त मृत्युलेख टिळकांनींच लिहिला.

त्याच वर्षीं सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हातीं गेली, आणि सामाजिक परिषदेस काँग्रेसचा मंडप मिळूं नये म्हणून पुण्यांत रण माजलें. १८९६ सालीं रानडे-गोखल्यांनीं निराळी डेक्कन सभा स्थापिली. पुढें १९०७ सालीं, आमच्याच विरारवरून जाणाऱ्या लोहमार्गावरील सुरतेस, काँग्रेसच्या मंडपांत जोडा व खुर्च्या उडाल्या; तेव्हांपासून जहाल व मवाळ हे शब्द घरोघर झाले.