इंद्रलालचं विमान किती मळवायचं?

तुमच्यापैकी कुणी प्लास्टिकच्या विमानांची स्केल मॉडेल्स बनवत असेल, तर हा क्षण तुमच्या ओळखीचा असणार. किट जोडून झालं, रंग वाळला, डिकॅल्स बसली. समोर चकचकीत विमान उभं आहे आणि ते खेळण्यासारखं दिसतंय. मग सुरू होतं वेदरिंग. विटलेला रंग, धुराचा काळा पट्टा, चाकांवरचा चिखल हे सगळं ब्रशनं, स्पंजनं आणि पेस्टल खडूच्या पुडीनं आणायचं. इथेच बहुतेकांचा हात सुटतो. अजून थोडं, अजून थोडं करत विमान भंगारातून उचलल्यासारखं होतं.

थांबायचं कुठे, हे रंगाच्या डबीवर लिहिलेलं नसतं. ते विमान कुणी उडवलं, कुठे आणि किती दिवस, हे माहीत असेल तरच कळतं. म्हणून आज तुम्हाला इंद्रलाल रॉयची गोष्ट सांगते. खरं तर 'ते' म्हणायला हवं. पण गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे एसवायला असतो ते वय. म्हणून 'तो'च.

जन्म 2 डिसेंबर 1898, कोलकाता. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर. आई ललिता लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होती. इंद्रलाल शिकला लंडनच्याच सेंट पॉल्स स्कूलमध्ये. युद्ध पेटलं तेव्हा तो शाळकरी होता. पुढे त्यानं रॉयल फ्लाइंग कोअरसाठी अर्ज केला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. इथे दुसरा कुणी घरी गेला असता. यानं स्वतःची मोटारसायकल विकली, त्या पैशांत नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि आधीचा निकाल फिरवला, असं सांगतात. जुलै 1917 मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि ऑक्टोबरअखेर 56 स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाला.

तिथे त्याला मिळालं एस.ई.5ए. आता आपण किटकडे येऊ.

हे एका माणसाचं, दोन पंखांचं लढाऊ विमान. पंखांचा विस्तार 8.11 मीटर, म्हणजे 1/72 स्केलमध्ये जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर आणि 1/48 मध्ये सतरा. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड आणि कापडावर डोप. अंगावर पत्रा आहे तो मुख्यतः नाकाशी, इंजिनाच्या झाकणांवर. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर करतात तसं पंखभर चंदेरी रंगाचे टवके उडवलेत, तर तुम्ही कापडातून धातू काढून दाखवताय! टवके फक्त इंजिनाच्या झाकणांच्या कडांना द्या, तेही टूथपिकच्या टोकानं.

तेलाचंही तसंच. पहिल्या महायुद्धातलं विमान म्हटलं की लोक पोटाखाली एरंडेलाचे ओघळ काढतात. ते कॅमलसारख्या रोटरी इंजिनाच्या विमानांना शोभतं, कारण तिथे वापरलेलं तेल बाहेरच फेकलं जायचं. एस.ई.5एचं इंजिन पाण्यानं थंड होणारं व्ही-8. त्याची खरी खूण म्हणजे धूर. दोन्ही बाजूंनी एक्झॉस्टचे पाइप मागे जायचे, त्यांच्या टोकापाशी काळी-करडी पूड मऊ ब्रशनं चोळा.

वरच्या रंगाचं नाव पीसी10. पिवळी गेरू आणि काजळीचं मिश्रण. तो हिरवट की तपकिरी यावर मॉडेलवाले वर्षानुवर्षं भांडतायत. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण तो सगळीकडे सारखा निघायचा नाही आणि जुना होताना बदलायचा. खालच्या बाजूला रंग नाहीच, नुसतं डोप दिलेलं सायीच्या रंगाचं कापड. चिखल उठून दिसतो तो तिथेच.

6 डिसेंबर 1917 ला इंद्रलालचं विमान कोसळलं. त्याला मृत समजून शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं आतून दार ठोठावलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिखटमीठ किती ते तुम्हीच ठरवा, पण अपघात खरा आणि जखमाही खऱ्या. डॉक्टरांनी त्याला उड्डाणासाठी अयोग्य ठरवलं.

बरं होण्याच्या त्या महिन्यांत त्यानं काय केलं, तर विमानांची चित्रं काढली. त्यातली बरीच आजही टिकून आहेत. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. उडता येत नाही म्हणून कागदावर विमान उभं करणारा मुलगा. टेबललॅम्पखाली बसून पंखांमधल्या तारांसाठी प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून केसाएवढी बारीक ताणणाऱ्या तुमच्या रूममेटला हे नीट कळेल.

डॉक्टरांचा नकार त्यानं याही वेळी मानला नाही. जून 1918 मध्ये तो फ्रान्सला परतला, 40 स्क्वॉड्रनमध्ये, जॉर्ज मॅकेलरॉय या आयरिश कॅप्टनच्या तुकडीत. एव्हाना फ्लाइंग कोअरचं रॉयल एअर फोर्स झालं होतं. त्याच महिन्यात मुंबईचा वैमानिक वेलिणकर युद्धात गेला होता. ब्रिटिश हवाई दलात तेव्हा भारतीय वैमानिक बोटांवर मोजण्याइतकेच होते. डिकॅल शीट समोर धरा. निळं, पांढरं, लाल असं ब्रिटिश वर्तुळ. भारताची म्हणून एकही खूण त्यावर नाही. त्याच्या विमानावरही नव्हती.

6 जुलैला त्यानं पहिलं जर्मन विमान पाडलं. 8 जुलैला एका दिवसात तीन. 13 ला दोन, 15 ला दोन, 18 ला एक, 19 ला एक. दोन आठवड्यांत दहा, त्यातली दोन इतरांच्या जोडीनं. पाच किंवा जास्त विमानं पाडणाऱ्याला फ्लाइंग एस म्हणत. पहिल्या महायुद्धात हा मान मिळालेला तो एकमेव भारतीय.

यातली दगदग बघायची तर वरच्या पंखावरच्या लुईस गनकडे बघा. ती वाकड्या रुळावर बसवलेली असते. 97 गोळ्यांचा ड्रम संपला की वैमानिकानं गन रुळावरून खाली ओढायची, वाऱ्याच्या माऱ्यात जड ड्रम काढून दुसरा चढवायचा आणि तोवर विमान सांभाळायचं. म्हणून त्या रुळावर आणि कॉकपिटच्या कडेला झीज दाखवा. वैमानिकाचा हात लागायचा त्या या जागा.

बाकी अंगाला मात्र हात आवरता घ्या. लढाईच्या जुलैमधलं त्याचं विमान बनवायचं असेल, तर हिशोब पंधरा-सोळा दिवसांचा आहे, तोही भर उन्हाळ्यातला. धूर हवा, चाकांवर गवताचा हिरवट डाग आणि धूळ हवी, खालच्या कापडावर थोडी माती हवी. महिनोन्‌महिने उघड्यावर पडल्यासारखा फिका रंग नको. स्क्वॉड्रनची चिन्हं काढताना जुने फोटो बघा, डब्याच्या चित्रावर विसंबू नका.

22 जुलै 1918 ला कार्व्हाँ गावावर त्याची गाठ जर्मन फोकर डी-7 विमानांशी पडली. तो परतला नाही. नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही मारला गेला. सप्टेंबरमध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे, त्यावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत. त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. कोलकात्याला भवानीपूरमध्ये इंद्र रॉय रोड आहे, तो याच्याच नावाचा.