कामाचा गोरा माणूस : अलेक्झांडर मॅके

इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कॅम्पस इंटरव्ह्यू, पहिलं पॅकेज आणि जमलंच तर परदेशातली नोकरी. परदेशी जायचं म्हणजे आपल्यापेक्षा पुढारलेल्या देशातच जायचं, हे तर आपण धरूनच चालतो. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका मेकॅनिकल इंजिनिअरने अगदी उलटी वाट धरली. जर्मनीतली चांगली नोकरी सोडून तो आफ्रिकेच्या मध्यभागी गेला, चौदा वर्षं राहिला आणि तिथल्याच मातीत मिसळला. त्याचं नाव अलेक्झांडर मॅके.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना मिशनऱ्यांच्या गोष्टी काही नव्या नसतात. कोणी डॉक्टर, कोणी नर्स, कोणी शाळा काढणारे फादर. पण हातोडा आणि रिव्हेट घेऊन निघालेला मिशनरी? म्हणून मित्रांनो, हा माणूस आपल्या मासिकात यायलाच हवा असं वाटलं.

मॅकेचा जन्म १३ ऑक्टोबर १८४९ रोजी स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी या खेड्यात झाला. वडील पाद्री होते. मुलानेही पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा, पण मुलाचा जीव लोहाराच्या भट्टीत आणि रेल्वेच्या इंजिनात! एडिंबरोला आधी शिक्षकाचं प्रशिक्षण, मग इंजिनिअरिंग, आणि सोबत लीथच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम असं त्याचं शिक्षण झालं. १८७३ मध्ये तो जर्मनीला गेला आणि ड्राफ्ट्समन म्हणून कामाला लागला.

नोव्हेंबर १८७५ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये प्रवासी स्टॅन्लेचं एक पत्र छापून आलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बुगांडा नावाचं राज्य आहे, तिथला राजा मुतेसा मिशनऱ्यांचं स्वागत करेल, पण नुसते उपदेश करणारे नकोत, हातांनी काम करून दाखवणारे हवेत, असा त्याचा आशय होता. चर्च मिशनरी सोसायटीने आठ जणांची तुकडी तयार केली. त्यात २६ वर्षांचा मॅके होता. एप्रिल १८७६ मध्ये ते निघाले. निघताना त्याने सोसायटीच्या लोकांना बजावलं होतं की आमच्यापैकी कोणीतरी मेल्याची बातमी सहा महिन्यांत येईल, तेव्हा खचू नका, त्याच्या जागी लगेच दुसरा पाठवा.

ते शब्द लवकरच खरे ठरले. एक जण झांझिबारलाच गेला, एक डॉक्टर सरोवराजवळ तापाने गेले, दोघे डिसेंबर १८७७ मध्ये युकेरेवे बेटावरच्या चकमकीत मारले गेले. काही जण आजारी पडून परतले. मॅकेलाही तापामुळे अर्ध्या वाटेवरून किनाऱ्याकडे परत पाठवलं होतं. घरी जायला एवढं कारण पुरेसं होतं. पण हा पठ्ठ्या बरा झाला आणि त्याने रस्ता बांधायला घेतला! किनाऱ्यावरच्या सादानीपासून म्प्वाप्वापर्यंत सुमारे २३० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. ना डंपर, ना रोलर. कुऱ्हाडी, फावडी आणि स्थानिक मजूर. रस्ता झाला, पण त्यावरून न्यायच्या बैलगाड्यांचे बैल त्सेत्से माशीने मारले. मग पुन्हा हमालांच्या डोक्यावरून सामान.

इथे आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. याच सोसायटीची नाशिकजवळ शरणपूरला शाळा होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत. त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. गोऱ्यांच्या नावाने गाजलेल्या या सगळ्या प्रवासांत ओझं कोणाच्या डोक्यावर होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता खास आपल्या ब्रँचची गोष्ट. मिशनची ‘डेझी’ नावाची बोट इंग्लंडहून तुकड्या-तुकड्यांत आणली होती. १८७८ मध्ये मॅके सरोवराकाठच्या कागेईला पोचला तेव्हा एकाच झोपडीत बॉयलरचे भाग, छपाईचे खिळे, पुस्तकं, तंबूचे खांब, रंगाचे डबे असा सगळा ढीग पडला होता. दिवसेंदिवस बसून त्याने नट-बोल्ट वेगळे केले, बोट डागडुजी करून पाण्यात उतरवली. वादळाने ती पुन्हा किनाऱ्यावर आपटली. मग त्याने काय केलं? बोटीचा मधला सुमारे आठ फुटांचा भाग कापून काढला, त्याच्या फळ्यांनी पुढचा-मागचा भाग दुरुस्त केला आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडली. बोट आखूड झाली, पण चालली! नोव्हेंबर १८७८ मध्ये तो मुतेसाच्या राजधानीत पोचला.

राजधानीजवळ नातेते इथे त्याने वर्कशॉप थाटलं. भाता, ऐरण, लेथ, घासायचा दगड. चाक फिरताना बघायला गर्दी जमायची. त्याने विहीर खणून पंप बसवला तेव्हा पाणी वर कसं चढतं याचंच लोकांना नवल. ही जादूटोणा नाही, तुम्हीही शिकू शकता, हे त्याचं पालुपद असे. लोक त्याला स्वाहिलीत ‘म्झुंगू वा काझी’ म्हणू लागले, म्हणजे कामाचा गोरा माणूस. मुतेसाची आई वारली तेव्हा राजाने तिच्यासाठी एकात एक बसणाऱ्या तीन शवपेट्या त्याच्याकडून करून घेतल्या. तांब्याची भांडी ठोकून त्याने पत्रे तयार केले. बाहेरची पेटी तर जवळजवळ खोलीएवढी होती!

पण त्याचं सगळ्यात टिकाऊ यंत्र म्हणजे छोटा हातछापखाना. लुगांडा भाषा शिकून त्याने खिळे कोरले, ओतले आणि वाचनाचे तक्ते छापले. पोरं जुळारीचं काम शिकली, वाचायला शिकली. मार्च १८८२ मध्ये पहिल्या पाच जणांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरची गोष्ट छान वाटते. पुढची अवघड आहे. मुतेसाला मुळात धर्मापेक्षा बंदुका आणि दोस्त हवे होते, कारण उत्तरेकडून इजिप्तचं सैन्य सरकत होतं. दरबारात झांझिबारचे अरब व्यापारी होते, १८७९ पासून फ्रेंच कॅथलिक फादरही आले. मॅकेचं त्यांच्याशी भर दरबारात वाजायचं. एकाच देवाच्या नावाने दोन गोरे भांडताना पाहून राजाला काय वाटलं असेल, कोण जाणे!

१८८४ मध्ये मुतेसा वारला आणि तरुण म्वांगा गादीवर आला. किनाऱ्यावर जर्मनांनी हातपाय पसरायला सुरुवात केली होती. हे गोरे आज पुस्तक आणतात, उद्या फौज आणतील, असा संशय म्वांगाला आला. ३१ जानेवारी १८८५ रोजी मिशनच्या तीन मुलांना जाळून मारण्यात आलं. मॅके सरोवराकडे निघाला असताना वाटेतच सैनिकांनी मुलांना पकडलं होतं. त्याने खूप धडपड केली, पण सोडवू शकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिशप हॅनिंग्टन मारले गेले. १८८६ मध्ये नामुगोंगोला प्रोटेस्टंट आणि कॅथलिक तरुणांना एकत्रच जाळलं गेलं. भांडत होते त्यांचे गुरू, मरताना शिष्य मात्र सोबत होते.

मॅकेला स्वतःला कोणी मारलं नाही. त्याच्या हातांचा राजाला उपयोग होता. ज्या मुलांना त्याने वाचायला शिकवलं ती वाचण्यापायी मेली आणि तो जगला. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं सर्वांत जड ओझं हेच असावं. तरी तो छपाई करत राहिला. जुलै १८८७ मध्ये त्याला राज्याबाहेर जावं लागलं, तेव्हा सरोवराच्या दक्षिणेला उसांबिरो इथे त्याने नव्याने विटा पाडल्या, भाषांतर सुरू ठेवलं, नवी बोट बांधायला घेतली. ऑगस्ट १८८९ मध्ये स्टॅन्ले तिथे आला आणि सोबत चल म्हणाला. मॅके गेला नाही. फेब्रुवारी १८९० मध्ये मलेरियाने तो गेला. वय फक्त चाळीस. चौदा वर्षांत एकदाही तो घरी गेला नव्हता. १९२७ मध्ये त्याच्या अस्थी कंपालातल्या नामिरेंबे कॅथेड्रलजवळ आणून पुरण्यात आल्या.

१८९४ मध्ये युगांडा ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. म्हणजे म्वांगाची भीती अगदीच खोटी नव्हती. ब्रिटनने तिथे लक्ष घालावं असं मॅकेनेही लिहिलं होतं. त्यामुळे त्याला देवमाणूस ठरवायचं कारण नाही. म्वांगाची क्रूरता जेवढी खरी, तेवढीच ही गोष्टही खरी.

पण एक हिशोब मांडून बघा. ‘डेझी’ कुजली, रस्त्यावर गवत माजलं. टिकलं ते त्याने शिकवलेलं वाचन, कारण ते लोकांनी आपलं करून घेतलं. नातेतेच्या मॅके मेमोरियल कॉलेजात आज युगांडाचीच मुलं शिकतात. खेड्यात एखादा प्रोजेक्ट घेऊन जाताना, तो परदेशात असो वा आपल्या मेळघाटात, आपण परत आल्यावर तो पंप कोण दुरुस्त करणार हा प्रश्न आधी विचारायला हवा. मॅकेने तो विचारला होता, म्हणून तो माझ्या लेखी खरा इंजिनिअर!