प्राध्यापक सेलिग्मन

न्यूयॉर्क येथील एका धनाढ्य ज्यू पेढीवाल्याच्या घरी १८६१ साली एडविन सेलिग्मन यांचा जन्म झाला. पेढीचा मार्ग न धरता त्यांनी अध्यापन पत्करले आणि १८८५ पासून १९३१ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविले. करपद्धती हा त्यांचा खास विषय.

आम्हां मराठी जनांस मात्र त्यांचे स्मरण होते ते निराळ्या कारणाने. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. मायदेशी शाळेत ज्यास पाण्याच्या भांड्यासही हात लावू देत नसत, त्यास या गुरूने आपल्या विषयाची दालने खुली केली. परमुलखात हुशार विद्यार्थीही ओळखीवाचून अडतो. १९१६ साली आंबेडकर लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील विद्वानांच्या नावे परिचयपत्र दिले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली आंबेडकरांस अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, तरी गुरुशिष्यांचा स्नेह टिकला.

१९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आंबेडकरांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेत सयाजीरावांचे नाव होते. प्रस्तावना सेलिग्मन यांची होती. १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज निवर्तले, आणि त्याच वर्षी जुलैत सेलिग्मन.